मोटरहोममध्ये जुना जनरेटर बसवताना

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत जुना पेट्रोल जनरेटर पाहायला जाल, तेव्हा तो आधीपासून चालू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला बजावून सांगा. थंड इंजिन किती वेळा दोरी ओढल्यावर सुरू होते, यावरूनच त्याची प्रकृती कळते. नंतर हीटरचा लोड देऊन 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्‌झ कितपत टिकतात, ते मीटरवर पाहा.

बसवताना सर्वाधिक काळजी धुराची घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि त्र्यंबकेश्वरच्या पावसात खिडक्या लावून झोपलेल्या कुटुंबाला तो जागही येऊ देत नाही. म्हणून जनरेटरचा कप्पा पत्र्याचा, राहत्या भागापासून पूर्ण बंद आणि बाहेरून हवा खेळती राहील असा करावा, सायलेन्सरचा पाइप गाडीच्या कडेबाहेर, खिडक्यांपासून दूर न्यावा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. तरीही झोपताना जनरेटर बंदच ठेवावा. बाहेरची वीज आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी दोघांपैकी एकच जोडणारा स्विच, हवाच.

इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर आधी ऑइल पाहा, कारण ते कमी असल्यास किंवा गाडी उतारावर तिरकी उभी असल्यास सेन्सर इंजिन बंद करतो. ऑइल ठीक असेल, तर कार्बोरेटरचा जेट (ज्याच्या बारीक छिद्रातून पेट्रोल जाते तो भाग) काढून उजेडासमोर धरा. साठलेल्या पेट्रोलचा पिवळट चिकटा बसला असेल, तर छिद्रातून उजेड दिसत नाही. इंजिन नीट चालूनही वीज येत नसेल, तर ब्रेकर आणि कार्बन ब्रश तपासावेत; पुढचे काम वाइंडिंगवाल्याचे.