चिनी भाषक मुलांचं इंग्रजी : चुका कुठून येतात आणि सराव कसा घ्यावा

चीन, हाँगकाँग किंवा तैवानमधल्या माध्यमिक शाळेतल्या मुलाला इंग्रजी शिकवायला घेतलं की एक गोष्ट लवकरच लक्षात येते. व्याकरणाच्या पर्यायी प्रश्नांत तो विसातले अठरा बरोबर सोडवतो, आणि त्यानेच लिहिलेल्या दहा ओळींत तेच नियम सात ठिकाणी मोडलेले असतात. नियम त्याला येत असतात. पण लिहिताना लक्ष अर्थाकडे असतं आणि हात चिनी वाक्याच्या वळणाने चालतो. म्हणून प्रश्नसंचांची आणखी एक वही आणून फारसं साधत नाही. सराव मुलाच्या स्वतःच्या लिखाणावर घ्यायचा, आणि एका वेळी एकाच जातीची चूक शोधायला लावायची.

चिनी वाक्य आतून कसं चालतं

चिनी क्रियापद कधीच रूप बदलत नाही. काल गेलो, आज जातो, उद्या जाईन, सगळीकडे 'छ्यू'च. काळ कळतो तो 'काल', 'उद्या' अशा शब्दांवरून. क्रिया पुरी झाली हे दाखवायला मागे 'ल' लागतो, पण तो भूतकाळाचा प्रत्यय नव्हे. 'उद्या जेवून मग जाऊ' अशा वाक्यातही तो येतो. त्यामुळे 'यस्टरडे' लिहून झालं की मुलाच्या लेखी काळ सांगून झाला. 'गो'चं 'वेंट' करायची निकड त्याला वाटतच नाही. गेलो, गेलास, गेली, गेले अशी रूपं जन्मापासून वापरणाऱ्या आपल्याला ही अडचण समजायला वेळ लागतो. ती आळशीपणा समजून मुलाला रागावू नका.

नामाचंही तसंच. 'सान पन शू' म्हणजे तीन पुस्तकं. त्यात 'शू' एकालाही तोच आणि तिनांनाही तोच. मधला 'पन' हा पुस्तकं मोजायचा शब्द. कागद किंवा टेबल मोजायचं असेल तर तिथे 'चांग' येतो. 'अ' आणि 'द' यांच्या जोडीचं काही चिनीत नाही. मराठीतही नाही, त्यामुळे इथे शिकवणारा आणि शिकणारा एकाच नावेत असतात.

विशेषणाच्या वाक्यात 'आहे' येत नाही. 'वो हन काओशिंग' याचा शब्दशः क्रम 'मी खूप आनंदी' असा आहे. म्हणून 'आय व्हेरी हॅपी' येतं. ते सुधारल्यावर मूल घाबरून सगळीकडेच 'इज' लावतं आणि 'ही इज लाइक म्युझिक' लिहितं. ही दुसरी चूक पहिल्या सुधारणेतून जन्मलेली असते, हे त्याला उघडपणे सांगा.

वाक्यं जोडणाऱ्या शब्दांची जोडीही इंग्रजीत उतरते. 'स्वेइरान… तानश्' म्हणजे हुबेहूब आपलं 'जरी… तरी', आणि 'यिनवेइ… स्वोयी' म्हणजे 'कारण… म्हणून'. मग 'ऑल्दो… बट' आणि 'बिकॉज… सो' एकाच वाक्यात येतात. मराठी मुलंही हे करतात, त्यामुळे इथे समजावणं सोपं जातं: इंग्रजीत दोन उपवाक्यांना एकच कडी पुरते.

एक फेरी, एक चूक

नमुन्यादाखल हा उतारा घ्या: 'यस्टरडे आय गो टू लायब्ररी, देअर हॅव मेनी स्टुडंट रीड बुक, आय व्हेरी लाइक धिस प्लेस.' सगळ्या चुका लाल शाईने सुधारून परत दिल्या तर मूल ते पान मिटून ठेवतं. त्याऐवजी लिखाण एक रात्र बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच्याच हाताने तीन फेऱ्या करून घ्या, प्रत्येकी पाच मिनिटं.

पहिली फेरी क्रियापदांची. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ. प्रत्येक रेघेला दोन प्रश्न: हे कधी घडलं? याचा कर्ता कोण? 'गो' लगेच 'वेंट' होतं. 'देअर हॅव' इथे सापडतं. चिनीत 'यौ' हा एकच शब्द 'आहे' आणि 'जवळ आहे' या दोन्हींना चालतो, म्हणून ते येतं. ते 'देअर वर' झालं की पुढचा 'रीड' उघडा पडतो: एका वाक्यात दोन क्रियापदं जोडाशिवाय उभी आहेत, म्हणून 'रीडिंग'. 'व्हेरी लाइक' मधला 'व्हेरी' क्रियापदाला चालत नाही, तिथे 'रिअली'.

दुसरी फेरी नामांची. इथे आर्टिकलचा अख्खा धडा शिकवू नका, एकच कसोटी द्या: मोजता येणारं एकवचनी नाम सहसा उघडं राहत नाही. त्याच्या आधी अ, द, माय, धिस, एव्हरी यांपैकी काहीतरी हवं. एवढ्याने 'लायब्ररी'ला 'द' मिळतो, 'स्टुडंट' आणि 'बुक' अनेकवचनी होतात. 'इन्फर्मेशन', 'होमवर्क', 'ॲडव्हाइस' अशी न मोजता येणारी वीसेक नामं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

तिसरी फेरी स्वल्पविरामांची. चिनी लिखाणात एका विचाराची चार-पाच पूर्ण वाक्यं स्वल्पविरामांनी जोडत जाणं रीतसर आहे. इंग्रजीत ती चूक. प्रत्येक स्वल्पविरामाभोवती गोल काढायचा आणि त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचायच्या. दोन्ही बाजू स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या तर पूर्णविराम द्यायचा किंवा मध्ये 'अँड', 'बट', 'सो' यांपैकी एक घालायचा. वरच्या उताऱ्यातले दोन्ही स्वल्पविराम इथे पूर्णविराम होतात.

शेवटचे 'स' आणि 'ड' का गळतात, याचं एक कारण कानात आहे. मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) शब्द स्वरावर, न किंवा ङ वर, फार तर र वर संपतो. हाँगकाँगच्या कँटोनीज चिनीत प, त, क, म हेही शेवटी येतात, पण स नाही. जे तोंडातून निघत नाही ते लिखाणातही राहून जातं. म्हणून रोज आठ-दहा वाक्यं शेवटचं व्यंजन ठळक उच्चारून मोठ्याने वाचायला लावा. 'ही' आणि 'शी'ची गल्लत त्याच जातीची: चिनीत दोघांचा उच्चार 'था', वेगळं असतं ते फक्त लिहायचं चिन्ह.

वाचन

उतारा २५० ते ३५० शब्दांचा घ्यावा. शंभर शब्दांत पाचापेक्षा जास्त अनोळखी असले तर तो उतारा आज नको. पहिलं वाचन घड्याळ लावून, शब्दकोश बंद ठेवून. प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थांबायची सवय लागली की मुलाला शब्द कळतात आणि वाक्य हरवतं.

दुसऱ्या वाचनात लांब वाक्यं फोडायची. चिनीत नामाचं सगळं वर्णन 'त' लावून नामाच्या आधी येतं; क्रम आपल्या 'मी काल घेतलेलं पुस्तक'सारखाच. इंग्रजी तेच नामाच्या मागे लावतं: 'द बुक आय बॉट यस्टरडे'. मुख्य क्रियापद शोधताना मूल 'बॉट'वर अडकतं. म्हणून नामामागचं वर्णन पेन्सिलीने कंसात टाकायचं आणि कंसाबाहेरचं वाक्य वाचायचं. आठवड्याला दहा वाक्यं अशी फोडली तरी पुरे.

शब्द एकटे पाठ करू देऊ नका. चिनी 'खान' हा पुस्तक वाचणं, टीव्ही पाहणं आणि डॉक्टरला दाखवणं या तिन्हींना चालतो, म्हणून 'सी बुक' येतं. 'लर्न नॉलेज'ही असंच, चिनीतून जसंच्या तसं उचललेलं. वहीत 'रीड अ बुक', 'गेन नॉलेज' अशा जोड्याच उतरवाव्यात.

लेखन आणि परीक्षा

पाठ केलेल्या चौकटी हा मोठा अडसर आहे. 'विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी' हे वाक्य परीक्षकांनी असंख्य वेळा वाचलेलं असतं. चार अक्षरी चिनी म्हणींचं भाषांतर तर इंग्रजी वाचणाऱ्याला कळतच नाही. त्याऐवजी परिच्छेदाचं पहिलं वाक्य साधं आणि थेट हवं, मग त्याला एक ठोस उदाहरण. मुद्दा हळूहळू आणून वळण घेऊन शेवटी उघड करायची चिनी निबंधाची रीत सुंदर आहे, पण इंग्रजी परीक्षेतल्या मतप्रदर्शनात ती अंगलट येते.

चीनच्या काओखाओमध्ये, म्हणजे विद्यापीठ प्रवेश परीक्षेत, नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजीला १५० गुण आहेत, त्यांतले ४० लेखनाला: सुमारे ८० शब्दांचं पत्र किंवा सूचना १५ गुणांना, आणि दिलेली अर्धवट गोष्ट सुमारे १५० शब्दांत पुढे नेणं २५ गुणांना. गोष्टीत दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली असतात. मुलं पहिला परिच्छेद रंगात येऊन लिहितात आणि दुसऱ्याच्या दिलेल्या वाक्याशी त्याचा सांधा जुळत नाही. म्हणून पहिल्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य आधी ठरवायचं, मग मधलं लिहायचं. नवं पात्र आणायचं नाही. प्रसंग रंगला की काळ वर्तमानात घसरतो, तेव्हा शेवटची पाच मिनिटं फक्त क्रियापदांच्या फेरीला. व्याकरणाच्या १० गाळलेल्या जागांत जिथे कंसात शब्द दिलेला नसतो, तिथे बहुधा आर्टिकल, शब्दयोगी, उभयान्वयी अव्यय किंवा 'व्हिच'-'हू'सारखा शब्द लागतो.

हाँगकाँगच्या डीएसईत, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेत, लेखनाला दोन तास असतात: एक सुमारे २०० शब्दांचा सक्तीचा प्रश्न आणि एक सुमारे ४०० शब्दांचा, विषय निवडून. तिथे शब्दसंख्येपेक्षा वेळ मारतो. छोट्या प्रश्नाला ४० मिनिटं, मोठ्याला ७०, उरलेली दहा फेऱ्यांना, असा हिशेब घरीच बसवून घ्या. वाचनाच्या प्रश्नपत्रिकेत दुसऱ्या भागाचा सोपा पर्याय घेतला तर तिथे पातळी ४च्या वर जाता येत नाही. हा निर्णय परीक्षेच्या दिवशी नव्हे, काही महिने आधी घ्यायला हवा.

रोज ४० मिनिटं पुरतात: दहा मोठ्याने वाचायला, पंधरा उताऱ्याला, पंधरा लिखाणाला किंवा कालच्या लिखाणाच्या फेऱ्यांना. चुकांच्या वहीत तीन रकाने आखा: लिहिलेलं वाक्य, सुधारलेलं वाक्य, आणि चिनीत ते कसं म्हटलं असतं. तिसरा रकाना मुलानेच भरायचा. एखाद्या जातीची चूक सलग तीन लेखांत शंभर शब्दांमागे एकापेक्षा कमी झाली की ती फेरी बंद करा आणि तिच्या जागी पुढची घ्या. बहुधा ती शब्दयोगी अव्ययांची असते.