वजनाच्या रकान्यात अंदाज भरू नका: मुलांच्या वॉर्डात सिस्टिम वापरताना या चुका टाळा

केसपेपर गेला, औषधांच्या ऑर्डरी आणि नोंदी कॉम्प्युटरवर घेणारी सिस्टिम आली, म्हणजे औषधांच्या चुका आपोआप थांबल्या असं समजणारे नवे रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) दरवर्षी येतात आणि त्याच त्या चुका नव्याने करून दाखवतात. मी मुलांच्या वॉर्डाची औषधं तपासून सोडणारी फार्मासिस्ट आहे. माझ्या स्क्रीनवर जे येतं त्यावरून हे लिहिते आहे. सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीचं आहे यानं फारसा फरक पडत नाही.

सगळ्यात मोठी चूक वजनाची. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची ५०० ची गोळी लिहिली की काम झालं. लहान मुलाला किलोला १५ मिलिग्रॅम असा हिशेब असतो. म्हणजे वजन चुकलं की त्यावर टाकलेली प्रत्येक ऑर्डर चुकली. म्हणून बऱ्याच सिस्टिममध्ये वजन भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. हेतू चांगला आहे. पण रात्री दोनला कॅज्युअल्टीत काटा जागेवर नसतो, बाळ रडत असतं, आई म्हणते, "असेल नऊ-दहा किलो," आणि रकान्यात १० पडतात.

असंच एक सात महिन्यांचं बाळ ॲडमिट झालं होतं. ताप, जुलाब आणि लघवीत इन्फेक्शनचा संशय. किलोला १५ प्रमाणे अमिकॅसिन हे अँटिबायोटिक १५० मिलिग्रॅम अशी ऑर्डर आली. सिस्टिम गप्प, कारण दहा किलोच्या मुलाला १५० बरोबरच आहे! मला खटकलं ते वय. तीन ते बारा महिन्यांच्या बाळासाठी एक जुना आडाखा आहे: महिन्यांत नऊ मिळवा, दोनानं भागा. सात महिन्यांना आठ किलो, आणि हे तर जुलाबानं सुकलेलं. वॉर्डात फोन लावला. "मॅडम, सिस्टिममध्ये दहाच आहे." सिस्टिममध्ये काय आहे ते मलाही दिसत होतं की! बाळाला आधी काट्यावर ठेवा म्हटलं. भरलं ६.८ किलो. डोस झाला १०२ मिलिग्रॅम. जवळजवळ दीडपट औषध जाणार होतं, तेही किडनीला आणि कानांना त्रास देणारं, आणि अंगातलं पाणी कमी झालेल्या बाळाला.

तेव्हापासून वजनाच्या रकान्यात १०, १५, २० असा गोल आकडा दिसला की मी फोन उचलतेच. दुसरा प्रश्न, "कधी मोजलं?" काही सिस्टिम मागच्या भेटीचं वजन आपणहून भरून देतात. माझ्या मते ही सोय नाही, सापळा आहे. नवजात बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि पाचेक महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट होतं. मागच्या भेटीचं वजन त्या भेटीपुरतंच.

वजन बरोबर असूनही एकक चुकलं तर काय होतं, त्याचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नामांकित विद्यापीठ रुग्णालयातलं आहे. साल २०१३. सोळा वर्षांच्या मुलाला को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकची १६० मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची होती. डॉक्टरनं १६० टाइप केलं, पण मुलगा चाळीस किलोच्या आतला असल्यानं स्क्रीनवर एकक होतं मिलिग्रॅम प्रति किलो. डोस जास्त असल्याची सूचना आली, ती तशीच बंद केली गेली. फार्मसीतही तेच झालं. यंत्रानं साडेअडतीस गोळ्या मोजून पाठवल्या आणि मुलानं त्या घेतल्या. त्याला झटके आले. सुदैवानं तो वाचला. मी रेसिडेंटना एवढंच सांगते: आधी कागदावर गुणाकार करा, मग स्क्रीनकडे बघा. कॅल्क्युलेटर आहे ना, असं म्हणणाऱ्यांची ऑर्डर मी दोनदा तपासते.

दुसरा माझा जुना राग 'बी/ओ' वर, म्हणजे 'बेबी ऑफ' (अमकीचं बाळ) वर आहे. आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला नाव नसतं, म्हणून एनआयसीयूची (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची) यादी म्हणजे बी/ओ सुनीता, बी/ओ सुनिता, आणि जुळी असली तर बी/ओ सुनीता १ आणि २. त्यातला शेवटचा आकडा स्क्रीनच्या कडेला कापला जातो. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयात बाळांच्या तात्पुरत्या नावात आईचं पहिलं नाव आणि मुलगा की मुलगी हे घालायला लागल्यावर भलत्याच बाळावर पडणाऱ्या ऑर्डरी ३६ टक्क्यांनी कमी झाल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे आईचं नाव आधीपासून आहेच, तरी घोळ होतो, कारण आडनाव, लिंग आणि जुळ्यांतला क्रम लिहायचा कंटाळा. क्रम नावाच्या सुरुवातीला घाला. आणि बारसं झाल्यावर नवा नंबर काढू नका, जुन्याच नोंदीत नाव बदला. नाहीतर लसी एका नोंदीत आणि ॲलर्जी दुसरीत.

ॲलर्जीचंच घ्या. 'पेनिसिलिननं पुरळ' हे नोट्समध्ये लिहिलंत तर सिस्टिमला ते कळत नाही. ॲलर्जीच्या रकान्यातच भरा.

कालची नोट कॉपी-पेस्ट करू नका. कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घातलेली नळी) काढून तीन दिवस झाले तरी नोटमध्ये 'कॅन्युला ठीक' असतं.

डिस्चार्जच्या वेळी नुसतं 'पॅरासिटामॉल ५ मिली' लिहू नका. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा २५०. मिलिग्रॅम, मिली आणि बाटलीवरची ताकद, तिन्ही लिहा.

साठ-सत्तर किलोच्या पोरालाही किलोवर गुणत बसू नका; मोठ्यांच्या कमाल डोसवर थांबा.

पॉप-अप बंद करण्याबद्दल मात्र मी रेसिडेंटना पूर्ण दोष देत नाही. नवजात बाळाचे मिनिटाला १४० हे नॉर्मल ठोके मोठ्यांच्या मर्यादेनं लाल दाखवणारी सिस्टिम असेल, तर माणूस लाल रंगाकडे बघणं सोडणारच. अशा निरुपयोगी सूचनांची यादी आयटीवाल्यांना लेखी द्या आणि वयानुसार मर्यादा बसवून घ्या. तोंडी सांगितलेलं काहीही बदलत नाही.