हायब्रिड गाडीतला जुना कूलंट पूर्ण काढायचा असेल तर

नुसता रेडिएटरचा नळ सोडला की इंजिन ब्लॉक आणि हीटरमधला जुना कूलंट आतच राहतो. उन्हाळ्यात खंबाटकी चढायच्या आधी हे नीट करा.

१. हीटर सर्वांत गरमवर ठेवून गाडी बंद करा, चावी लांब ठेवा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या.

२. कूलंटचं झाकण काढा, रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचे ड्रेन सोडा.

३. बऱ्याच हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाची) कूलंटची टाकी आणि ड्रेन वेगळे असतात. गॅरेजमध्ये हमखास राहतं ते हेच, मुद्दाम सांगा.

निघालेला कूलंट खुणांच्या कॅनमध्ये मोजून मॅन्युअलमधल्या लिटरशी ताडा. जेवढा कमी, तेवढा आत राहिलाय.

उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी केबलना हात लावू नका.