साताऱ्याहून प्राइडला जाताना

पुण्याच्या प्राइड मोर्चाला, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांच्या अभिमान मोर्चाला, साताऱ्याहून एसटीने निघणार असाल, तर अंगावर साधे कपडे घाला, झगमगीत असतील ते पिशवीत ठेवा. स्टँडवर ओळखीचं कुणीतरी भेटतंच. खरा घोळ फोटोंचा. घरी स्वतःबद्दल सांगितलं नसेल तर मास्क लावा आणि गर्दीच्या मधे चाला, कॅमेरे बहुधा पुढच्या बॅनरभोवतीच घुटमळतात. दुसऱ्याचा चेहरा विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नका, हे तर पहिलं. एक विश्वासू नंबर पेनने हातावर लिहा, फोन बंद पडला की कुणाचाच पाठ नसतो. अटक झालीच, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं. वकील मागा, हुज्जत नको. कुणी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३७७चा धाक दाखवला तर २०१८चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगा, त्याने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. परतीची शेवटची गाडी उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा.