चेनसॉ नीट कापत नाहीये? चेन आणि बारच्या या चुका टाळा

मे महिन्यात पुण्यात वळवाचा पाऊस आला की गुलमोहर धडाधड आडवे होतात, आणि मग पौड-मुळशीकडे शेत असलेले कितीतरी जण वर्षभर कोपऱ्यात पडलेली चेनसॉ बाहेर काढतात आणि दहा मिनिटांत म्हणतात, मशिनला ताकदच राहिली नाही. अहो, बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं, दुर्लक्ष झालेलं असतं चेन आणि बारकडे, म्हणजे चेन ज्या लांब पट्टीभोवती फिरते तिच्याकडे.

आधी भुसा बघा. धार असेल तर जाडसर ढलप्या उडतात, पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर चेन बोथट झालीये. अशा वेळी मशिन दाबून कापणं ही सगळ्यात वाईट चूक, त्याने बार तापतो, चेन ताणते, क्लच घासतो आणि दमलेल्या माणसाचा तोल जातो. धारेची चेन आपल्या वजनानेच लाकडात उतरते.

बोथट होते कशाने? मातीने. ओंडका जमिनीवर ठेवून कापताना चेन एकदा खाली टेकली की धार गेलीच समजा, म्हणून खाली दोन लाकडं टाका. आणि शहरातलं रस्त्याकडेचं झाड असेल तर बोर्ड-बॅनरसाठी ठोकलेले खिळे आणि तारा आधी शोधा, झाड वाढलं की ते सालीच्या आत जातात, वरून दिसतही नाहीत.

धार लावायची तर मशिन बंद, प्लगची कॅप काढलेली, हातात ग्लोव्हज. गोल कानस अंदाजाने घेऊ नका, चेनच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांमधल्या अंतराच्या इंचातल्या मापाप्रमाणे घ्या. लहान मशिनवरच्या ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५, चेनच्या कंपनीने दिली असेल ती. बहुतेक चेनला कोन ३० अंशांचा. कानस पुढे ढकलतानाच घासायची, मागे आणताना उचलायची, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात, कारण एका बाजूचे दात आखूड झाले की काप वाकडा जायला लागतो. दातापुढचा जो छोटा उंचवटा असतो ना, डेप्थ गेज, तो बरेच जण विसरतातच. दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. उंच राहिला तर धार असूनही चेन लाकूड धरत नाही, फार घासला तर मशिन हिसका देतं आणि किकबॅकचा, म्हणजे बार अचानक उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो.

चेन ताणताना बारचं टोक वर उचलून धरा आणि तसंच धरून नट आवळा. खालून लोंबता कामा नये, पण हाताने सहज फिरली पाहिजे. गरम चेन ताणली असेल तर काम झाल्यावर आठवणीने सैल करा, थंड होताना ती आकसते आणि सगळा ताण क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर येतो.

आता ऑइल. गॅरेजमधलं जळकं ऑइल स्वस्त पडतं म्हणून ओतू नका प्लीज, त्यात धातूचे कण असतात आणि चिकटपणा नसल्यामुळे ते चेनवरून उडून जातं. पण टाकी भरलेली असूनही चेन कोरडी राहू शकते. गेल्या पावसाळ्यात बांधावरची बाभूळ कापताना माझ्या बारची कड निळी पडली, उघडून बघतो तर ऑइलचं भोक ओल्या भुशाने गच्च बुजलेलं, फार वाईट वाटलं कारण बार नवाच होता. तेव्हापासून दर वेळी कव्हर काढून बारची खाच पातळ पत्र्याने साफ करतो, भोकात तार घालतो, मग टोक फिक्या ओंडक्यासमोर धरून रेस करतो, त्यावर ऑइलची रेघ उमटली तरच कामाला लागतो.

बार दर वेळी उलटा करून लावा, नाहीतर खालची कड एकटीच झिजते. कडेला धारदार कंगोरा आला तर चपट्या कानशीने काढा. चेन खाचेत डावी-उजवीकडे डुलत असेल तर मात्र बार संपला. आणि स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर खोल चरे पडले असतील तर तेही बदला, झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवीन चेन लवकर खराब होते.