जुन्या गोव्याला जाताय? या चुका टाळा

गोव्याच्या एक दिवसाच्या टूरमध्ये जुन्या गोव्याच्या वाट्याला फार तर अर्धा तास येतो. गाडी थांबते, चालक सांगतो, ‘अर्ध्या तासात या’. मंडळी बॉम जीझस या चर्चमध्ये शिरतात, उंचावरच्या चांदीच्या पेटीकडे मान वर करून बघतात आणि ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत बाहेर येतात. आमचंही पहिल्या खेपेला हेच झालं. तिथे जायचं तर अख्खी सकाळ हाताशी ठेवा.

त्या पेटीत संत फ्रान्सिस झेवियर यांचं शरीर आहे. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांचं निधन झालं, १५५४ मध्ये त्यांना गोव्यात आणलं. गोवेकर त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. जवळून दर्शन दहा वर्षांतून एकदा खुलं होतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. एरवी ते दिसेल या आशेने गेलात तर निराश व्हाल. त्यापेक्षा नजर खाली आणा. पेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराचा. टस्कनीच्या ड्यूकने तो भेट म्हणून पाठवला आणि १६९८ मध्ये इथे जोडून उभा केला. त्यावर संताच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले ब्राँझचे चार पट आहेत. वरची पेटी मात्र त्याआधीच, १६३७ च्या सुमारास, गोव्यातल्या कारागिरांनी घडवलेली. इटलीचं काम खाली आणि आपल्या मातीतलं वर! माझ्या मते जुन्या गोव्यात याहून सुंदर काही नाही. जमलं तर लहानशी दुर्बीण न्या.

बाहेरच्या लालसर भिंती बघून ‘काम अर्धवट राहिलंय का?’ असं बरेच जण विचारतात. हा जांभा आहे. त्यावर पूर्वी चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढून टाकला आणि तेव्हापासून कोकणातला पाऊस थेट दगडावर पडतो. म्हणून त्या भिंतीला टेकून फोटो काढू नका, मुलांना दगड खरवडू देऊ नका. बोटाने घासलं तरी लाल भुकटी हाताला लागते.

रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थना, चालू असतात, तेव्हा हिंडून पाहता येत नाही, साडेदहानंतर जा. आणि मिस्साला बसलातच तर एक लक्षात ठेवा: धर्मगुरू हातावर ठेवतात तो प्रसाद नव्हे. कॅथलिक भाविकांसाठी ते ख्रिस्तशरीर असतं. माझी मावशी भक्तिभावाने ओंजळ करून रांगेत उभी राहिली होती. मागच्या बाईंनी हळूच, अगदी प्रेमाने समजावलं. तेवढा वेळ बाकावर बसून राहिलं तरी कुणाला वावगं वाटत नाही.

समुद्रावरून थेट हाफ पँटमध्ये येऊ नका. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

आर्ट बघायची असेल तर शुक्रवार टाळा, पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कला संग्रहालय तर बहुतेकांच्या यादीतच नसतं. हस्तिदंत आणि चांदीत इथल्या कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती कशा घडवल्या, ते तिथे कळतं. समोर रस्त्यापलीकडे सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा आहे.

मुंबईहून रेल्वेने येणारे सरसकट मडगावला उतरतात आणि मग टॅक्सीला पैसे मोजतात. मांडवी एक्सप्रेस, कोकणकन्या करमळीला थांबतात आणि जुनं गोवं तिथून अगदी जवळ आहे.

तारखांचंही तसंच. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, आणि ३ डिसेंबरला संत झेवियर यांचं फेस्त, म्हणजे सण. सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारहून माणसं चालत येतात, वारीची आठवण व्हावी अशी. निवांत कला बघायची असेल तर हे दिवस सोडा. भक्ती अनुभवायची असेल तर याच दिवसांत या, पहाटे या, आणि जत्रेतलं आल्याचं खाजं घेतल्याशिवाय परतू नका.

परतीच्या वाटेवर पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांशी थांबून वर बघा. तिथे टांगलेली मोठी घंटा त्या पडक्या मनोऱ्यातूनच आणलेली आहे.