ग्रुपवर आलेली वंशावळ कितपत खरी?

बडोद्यातल्या मराठी घरांत वंशावळीची पीडीएफ तीन-चार शाखांकडून एकसारखी येते आणि "सगळ्यांकडे हेच आहे" म्हणून खरी ठरते. आधी विचारा, हे उतरवलं कुठून? तिन्ही प्रतींत खापरपणजोबांच्या नावात तीच चूक असेल, तर त्या तीन साक्षी नव्हेत, एकाच वहीच्या तीन नकला आहेत.

मग प्रत्येक नावापुढे लिहा: कोणी सांगितलं, कधी, आणि सांगणाऱ्याने तो माणूस पाहिला होता का. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेकरूंची नावं उतरवून ठेवणारे पुरोहित, यांच्या वहीलाही हेच लागू. यात्रेकरूने सांगितलेली भावांची, मुलांची नावं भक्कम. त्यानेच सांगितलेला पणजोबा ऐकीव.

सर्वांत जास्त घोळ सालांचा. शक चैत्रात बदलतो, गुजरातेतला विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला. इसवी सन काढायला शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुन 79. संवतातून पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत 57 वजा करा, पुढे आश्विनापर्यंत 56. म्हणजे 1890च्या श्रावणात शके 1812, संवत 1946. त्याच वर्षी दिवाळी झाली की शक तोच, संवत मात्र 1947. वंशावळीत सरसकट 78 मिळवलेले दिसले, तर माघ-फाल्गुनातले जन्म-मृत्यू एक वर्ष मागे गेलेले असणार.

मूळ कागद मोडीत असेल तर फोटो मागवा, नुसतं लिप्यंतर नको. मोडीत शब्द सलग लिहितात. 'संताजी बिन खंडोजी' म्हणजे खंडोजीचा मुलगा संताजी. नक्कल करताना 'बिन' गळला की बापलेक भाऊ होऊन शेजारी बसतात.

दत्तक तपासाच. एकच माणूस दोन शाखांत दिसला तर एक नाव खोडू नका, दोन्हीकडे 'दत्तक' लिहा. खुद्द बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव 1875 मध्ये कवळाण्याहून दत्तक आले, आधीचं नाव गोपाळराव. सुनांचं माहेरचं नाव तर बहुतेक वंशावळींत नसतंच; ते तिच्या माहेरच्या कागदांतच शोधावं लागतं.

"आमचे मूळपुरुष पिलाजीरावांबरोबर आले" हे वाक्य फार घरांत ऐकू येतं; पिलाजीराव म्हणजे बडोद्याच्या गायकवाड घराण्याचे संस्थापक. पिढ्या मोजा. पिलाजीरावांना तीनशे वर्षं झाली. पिढी 25 ते 30 वर्षांची धरली तर दहा-बारा पिढ्या हव्यात. वंशावळीत सहाच असतील, तर मधली नावं गळलीत किंवा मूळपुरुष नंतर आला. कागद सापडेपर्यंत ती रेघ पेन्सिलीनेच ठेवा.